ह्यांचं आक्रा

१२ नोव्हेंबर २०२५, रोहा

तिकिटं आली. स्पृहाने फोनवर पाठवली, मी चष्मा लावून दोनदा वाचली. मुंबई – अदीस अबाबा – आक्रा. दोघांची नावं आहेत. जावयाची, निमिषची, बदली तिकडे झाली त्याला वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून लेकीचं चालू आहे – या, या. आता बोलणंच संपलं.

हे अंगणात पंपाची मोटर खोलून बसले होते. दाखवली. हात पुसले, बघितलं, म्हणाले, "तू जाऊन ये. माझा गुडघा हाय असा."

मी म्हटलं, अहो, दोन वर्षं तुम्ही काढलीत तिथे. मला शहर दाखवणार कोण?

"आता काय जुनं ऱ्हायलं असंल तिथं," म्हणाले आणि परत मोटरीत डोकं घातलं.

मला त्या वेळचं सगळं आठवत बसलं. अठ्ठ्याण्णव साली हे इथल्या धाटावच्या कारखान्यातली नोकरी सोडून आक्र्याला गेले – तिथल्या साबणाच्या कारखान्यात फिटर. आमचं लग्न आप्पांच्या मनाविरुद्ध झालं होतं. आप्पा पेणचे हेडमास्तर, घरची जमीन, आणि मुलगी गेली कुठे, तर रोह्याकडच्या निडी गावात, भातशेतीवाल्यांकडे. पाच वर्षं आप्पा ह्यांच्याशी धड बोलले नव्हते. परदेशात नोकरी म्हटल्यावर स्वतः उठून आळीत पेढे वाटले. निम्म्या पेणला वाटलं जावई आग्र्याला चालला! आप्पा रस्त्यात एकेकाला थांबवून सांगायचे – आग्रा नव्हे हो, आक्रा. आफ्रिका.

रोहा स्टेशनवर ह्यांच्या गळ्यात एवढे हार पडले की चेहरा दिसेना.

मला जायचंय. किती वर्षं नुसतं ऐकलं.

२६ नोव्हेंबर

मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस घेऊन आलो. तिच्याशिवाय त्या देशात घेत नाहीत. नर्सने ह्यांना विचारलं, पहिल्यांदाच ना? हे "व्हय" म्हणाले. मी म्हटलं, नाही हो, पूर्वी गेलेत ते, घेतली असणार. ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. "तेव्हा असलं काय नव्हतं."

नर्स म्हणाली, तेव्हाही लागायचीच, काका.

पोर पंचवीस वर्षांची. तिला काय ठाऊक तेव्हाचं.

२० डिसेंबर, आक्रा

पोचलो. अंग मोडून आलंय. हवेत धूळ – धुकं वाटावं इतकी. स्पृहा म्हणाली, वाळवंटावरून वारा येतो या दिवसांत. ओठ लगेच फुटायला लागले. विमानतळावर मोठ्या अक्षरांत 'अक्वाबा' – या, बसा, असं काहीतरी. बायका काय चालतात इथल्या. डोक्यावर ही एवढी घमेली, त्यात पाणी, अंडी, केळी, काहीही, आणि मान जराही हलत नाही.

निमिषने विचारलं, "बाबा, काही ओळखीचं वाटतंय?"

"तेव्हा एवढ्या बिल्डिंगा नव्हत्या," हे म्हणाले.

स्पृहाने आमटी-भात केला होता. इथे वालाचं बिरडं कुठून मिळणार म्हणून मी येताना वाल आणलेत. भिजत घातले.

२२ डिसेंबर

माकोला बाजार. पेणचा गणपतीच्या आदल्या दिवशीचा बाजार घ्यावा आणि त्याला शंभराने गुणावं. कापडांचे ठाण छतापर्यंत. मला एकीने हाताला धरून दुकानात ओढलं, मी पण हसत गेले. दोन साड्या होतील एवढं निळं कापड घेतलं.

गाडी चालवायला निमिषच्या ऑफिसचा क्वामे होता. गप्पिष्ट माणूस. इथे म्हणे ज्या वारी जन्म त्या वाराचं नाव प्रत्येकाला असतंच. तो शनिवारचा म्हणून क्वामे. मला वार विचारला. मंगळवार. "मग तू अबेना!" स्पृहाला त्याने कधीच नाव देऊन टाकलंय. ह्यांना विचारलं. मी सांगितलं, हे इथे दोन वर्षं राहिलेत, ह्यांना नाव मिळालेलं असेल. क्वामेने आरशातून बघितलं. काय होतं नाव? ह्यांना आठवेना. क्वामे हसला. म्हणाला, इथे चार दिवस राहिलेला माणूसही ते विसरत नाही, पहिल्याच दिवशी पोरं रस्त्यात ओरडून सांगतात.

शुक्रवारच्या मुलाला कोफी म्हणतात. ते मीच विचारून घेतलं. का, ते गाडीत कोणाला सांगितलं नाही.

आमचा थोरला, ऋत्विक, शुक्रवारचा. चार वर्षांचा होऊन गेला. स्पृहाच्या आधीचा, तिने त्याला फक्त फोटोत पाहिलंय. श्रावणात आम्ही पेणला आईकडे होतो, ताप आला, तो मेंदूत गेला. शनिवारी संपलं. हे तेव्हा इथे – याच शहरात. निडीला फोन नव्हता, म्हणून दर रविवारी हे पेणला आप्पांच्या घरी फोन करायचे आणि मी एसटीने तिथे जाऊन बसायची. आप्पा आधी रिसिव्हर घ्यायचे, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं "हॅलो, आक्रा" करायचे. त्या रविवारी मी फोनवर बोलू शकले नाही. आप्पांनीच सांगितलं ह्यांना. तिकिटाला पैसे नाहीत, कंपनी सोडत नाही, असं ह्यांचं म्हणणं मला नंतर कळलं.

मी कधी बोल लावला नाही. समुद्रापलीकडचा माणूस. करणार काय होता.

२३ डिसेंबर

हे आज घरीच. गुडघा म्हणतात. चालताना तर लंगडत नाहीत.

२५ डिसेंबर

नाताळ. लाबाडीच्या किनाऱ्यावर गेलो. केवढी माणसं! ढोल, घोडे, नवे कपडे घातलेली पोरं लाटांत. शहाळी सोलणारा माणूस कोयता असा चालवत होता की आपला अलिबागचा शहाळेवाला बघत बसेल. मी साडी वर खोचून पाण्यात गेले. हेही आले. कितीतरी वर्षांनी माझा हात धरला.

मी विचारलं, तुमची खोली कुठल्या बाजूला होती? खिडकीतून समुद्र दिसायचा ना?

"तिकडं," म्हणाले. हात लांब केला. किनाऱ्याला दोनच बाजू – त्यांनी मधेच कुठेतरी, पाण्याकडे दाखवलं.

निमिष म्हणतो, शनिवारी बाबांसाठी गंमत आहे. सांगायचं नाही.

२७ डिसेंबर

लिहायला बसले आहे. काय झालं ते झालं तसं लिहिते.

निमिषने एका म्हाताऱ्या गृहस्थांना जेवायला बोलावलं होतं. अमृतभाई. सुरतेकडचे, चाळीस वर्षं इथे आहेत. बाबांच्या साबणाच्या कारखान्याचं नाव निमिषने इथल्या गुजराती मंडळींत विचारत विचारत त्यांना शोधून काढलं. तिथे ते हिशेब बघायचे. कारखाना पुढे बंद पडला. एवढा खूष होता पोरगा – दोन जुने सहकारी भेटणार, बाबा चकित होणार.

हे चकित झाले. दारात अमृतभाईंना बघून, निमिषने ओळख करून दिल्यावर, ह्यांच्या तोंडावरचा रंगच गेला. मला वाटलं बीपी.

जेवायला बसलो. मी बिरडं वाढत होते. अमृतभाई ह्यांच्याकडे बघून आठवायला लागले. "विठ्ठल... महाराष्ट्र से... अठ्ठानवे में?" मग म्हणाले, "हाँ, एक फिटर आनेवाला था रोहा साइड से. हमने कमरा भी रखा था. आया ही नहीं. वो बंबई का एजेंट सबके पासपोर्ट लेके भाग गया था ना. चार लडके थे. एक भी नहीं पहुँचा."

निमिष हसत म्हणाला, नहीं अंकल, कोई और होगा, बाबा तो दो साल यहाँ थे.

अमृतभाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. अगदी साधेपणाने विचारलं, "वो आप थे?"

हे म्हणाले, "हाँ. मैं ही था."

आणि उठून हात धुवायला गेले.

माझ्या हातात पळी तशीच. स्पृहाने ती काढून घेतली. अमृतभाई बिचारे – माझ्याकडे बघून सारखे "माफ करना बेन, माफ करना" करत राहिले. त्यांनी काय केलं होतं.

२८ डिसेंबर

सकाळी मी म्हटलं, मला जेम्सटाउनला जायचंय. दोघंच. स्पृहाने क्वामेला बोलावून घेतलं.

तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह आहे तिथे. त्याच्या गोष्टी मी ह्यांच्याकडून ऐकल्या होत्या, स्पृहाला लहानपणी सांगितल्या होत्या. खाली मच्छीमारांच्या रंगीत होड्या, मासे धुरी देऊन सुकवणाऱ्या बायका. धूर डोळ्यांत जात होता. बंदराच्या कठड्यावर बसलो. मी म्हटलं, सांगा.

सांगितलं. एजंट पळाला. पासपोर्ट गेला. मुंबईत आठवडाभर त्याच्या बंद ऑफिससमोर बसले. मग एका ओळखीच्याने वापीला कंपनीत लावून दिलं.

"वापी," मी म्हटलं.

"व्हय."

"दोन वर्षं?"

"व्हय. परत कसा येणार? स्टेशनावर अख्खा गाव आला होता. आप्पांनी पेढे वाटलेले."

"आणि हे दीपगृह? खिडकीतला समुद्र?"

"खोलीत एक पोरगा होता, त्याचा भाऊ खरंच हितं होता. तो सांगायचा."

"परत येताना मला आक्र्याचं म्हणून आणलेलं कापड?"

"मुंबईत घेतलं."

एवढं मी ऐकू शकले. खरंच ऐकू शकले. फसलेला माणूस, लाजला, लपला. त्यावर मी कदाचित रडले असते, कदाचित हसलेही असते एखाद दिवशी. पण माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. वापी. आफ्रिका नाही. सकाळी निघालं तर संध्याकाळच्या चहाला पेणला.

मी म्हटलं, "ऋत्विक शनिवारी गेला. तुला रविवारी कळलं."

बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं. लिहितानाही आता दुसरं येत नाही.

तो खाली बघत होता.

"सोमवारी तू पेणला असायला हवा होतास. दुसरं काही नको होतं मला. नुसतं येऊन बसायचं. लोकांनी काय म्हटलं असतं? खोटारडा? म्हणू दे. मी ऐकलं असतं. माझं पोर गेलं होतं आणि मी मनात म्हणत होते, तो किती लांब आहे, एकटा आहे, त्याला जवळ घ्यायला कोण आहे तिथे. तुझ्यासाठी रडत होते मी. आणि तू वापीत."

"माझं चुकलं, वत्सला."

"का नाही आलास?"

मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मासे विकणारी एक बाई थांबून बघायला लागली. त्याने एकदा तोंड उघडलं, परत मिटलं. मग तेच – माझं चुकलं.

मी म्हटलं, आप्पा नसते तर त्या वेळी मी विहीर जवळ केली असती. महिनाभर माझ्या उशाशी बसून होते. ज्याला तुम्ही सगळे कडक म्हातारा म्हणायचात, तो माणूस मला भरवत होता. आणि माझा नवरा कुठे होता?

त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. त्या बघण्यात लाज नव्हती, आणखी काहीतरी होतं, मला तेव्हा उद्धटपणा वाटला. मी उठून गाडीत जाऊन बसले.

२९ डिसेंबर

केप कोस्टचा किल्ला बघायला जायचं ठरलं होतं. गेलो नाही.

१ जानेवारी २०२६

स्पृहाने आज बापाला विचारलंच. मी आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं. तिचं म्हणणं मला नीट ऐकू आलं नाही, त्याचं आलं. "तुझ्या आयला ताप द्यू नको. तिचं बरोबर हाय. मी वाईट माणूस, एवढंच."

एवढंच! एवढ्याने सुटायचं असतं.

स्पृहा नंतर माझ्या कुशीत येऊन पडली. मला म्हणाली, दादा गेला तेव्हाचं तू मला कधी सांगितलंच नाहीस. खरंय. आज सांगितलं. ऋत्विक तापात काय काय मागत होता ते सगळं सांगितलं. शेजारच्या चर्चमध्ये कालपासून गाणी चालू आहेत. चांगली गातात माणसं. मला राग येत होता त्या गाण्यांचा.

५ जानेवारी, पेण

आलो. गाडी पेणला आली तशी मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, माझी बॅग काढून घेतली. नवरा म्हणाला, "कधी येशील?" मी गाडीचं दार लावून घेतलं. तो तसाच गडबच्या रस्त्याने रोह्याला गेला.

आई नव्वदीला आली. मला बघून विचारलं, जावई कुठे? म्हटलं, दमलेत.

८ जानेवारी

वहिनी, मनाली, रोज कोणाला तरी घेऊन येते. आफ्रिका ऐकायला. मी दीपगृह सांगते, वारांची नावं सांगते, डोक्यावरची घमेली सांगते. सगळ्या तोंडात बोट घालतात. आज मधेच माझ्या लक्षात आलं, मी त्याच्याच आवाजात सांगतेय. थांबले. डोकं दुखतंय म्हटलं.

त्याचा फोन येतो. घेत नाही. मनालीच्या फोनवर निरोप ठेवला – वत्सलाच्या बीपीच्या गोळ्या रोह्याला राहिल्यात, पाठवू काय. इथे मिळतात गोळ्या.

ओटीवर आप्पांचा फोटो आहे. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. हार वाळला होता, मी बदलला. म्हटलं, तुमचं बरोबर होतं आप्पा. त्या घरात मला द्यायला नको म्हणत होतात.

१० जानेवारी

आईला सांगितलं. सगळं – एजंट, वापी, अमृतभाई. ती वाल सोलत होती. वाटलं, म्हातारीला धक्का बसेल, सावकाश सांगितलं. धक्का बसला नाही. सोललेले वाल टोपात ठेवले, टरफलं गोळा केली, म्हणाली, "तो काही बोलला नाही तुला?"

काय बोलणार? मी म्हटलं, दहादा विचारलं, का नाही आलास, तर नुसतं चुकलं, चुकलं.

"असं," म्हणाली. जाऊन आडवी झाली. जेवायलाही उठली नाही.

११ जानेवारी

सकाळी आई माझ्या शेजारी येऊन बसली. "वत्सू, तो आला होता."

ऋत्विक गेल्यावरच्या सोमवारी दुपारी. मागच्या दाराने. मी डॉक्टरच्या इंजेक्शनने आत झोपलेली. ओटीवर माणसं बसायला आलेली. आप्पांनी त्याला तिथूनच गोठ्यात नेलं. म्हणाले, लोक विचारतील आफ्रिकेतून एका दिवसात कसा आला, मी काय सांगू? आलास तसा जा. आणि वत्सलाला हे कधी कळता कामा नये – स्वतःच्या पायावर हात ठेवून त्याला शपथ घ्यायला लावली. आईने गोठ्यात चहा नेऊन दिला. दिवस मावळेपर्यंत तिथेच बसला होता. मग गेला.

"मला का नाही उठवलंस?"

"हे, तुझे आप्पा, नको म्हणाले."

मी ह्यांना फोन केला. म्हटलं, पेणला या.

"आत्ता?"

"आत्ता. पुढच्या दाराने या."